'ग्रेहाउंड' बघण्याआधी सोनारचा हिशोब समजून घ्या

'ग्रेहाउंड' हा सिनेमा ९१ मिनिटांचा आहे आणि त्यातला बहुतेक वेळ तुम्ही एका विनाशिकेच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवलं जातं तिथे, उभे असता. कप्तान खुर्चीत बसत नाही, म्हणून आपणही बसत नाही. दिशा, अंतर, वेग, सुकाणू एवढ्या चारच गोष्टींबद्दल लोक बोलत राहतात आणि त्यातूनच कोण जगणार नि कोण बुडणार हे ठरतं. ज्यांना युद्धपटात भाषणं, प्रेयसीची पत्रं आणि झेंडे लागतात त्यांना हा रुक्ष वाटेल. ज्यांना काम करणारी माणसं बघायला आवडतात त्यांच्यासाठी नौदलावरचा इतका नेटका सिनेमा क्वचितच मिळतो. अट एकच आहे: पडद्यावर चाललेला सोनारचा, म्हणजे ध्वनीने पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, हिशोब कळला पाहिजे. तो कळला नाही तर अर्धा सिनेमा नुसती आरडाओरड वाटते.

आधी जुजबी माहिती. दिग्दर्शक आरॉन श्नायडर, पटकथा आणि मुख्य भूमिका टॉम हँक्स. मूळ कादंबरी सी. एस. फॉरेस्टर यांची, १९५५ सालची. सिनेमा चित्रपटगृहांसाठी बनला होता, पण कोविडमुळे जुलै २०२० मध्ये तो थेट ॲपल टीव्ही प्लसवर आला. ध्वनीसाठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं आणि ते अगदी रास्त होतं. त्याबद्दल पुढे.

काळ फेब्रुवारी १९४२. अमेरिका युद्धात उतरून जेमतेम दोन महिने झालेत. ३७ व्यापारी जहाजांचा ताफा लिव्हरपूलकडे निघालाय. अटलांटिकच्या मधोमध असा एक पट्टा होता, जिथे ना अमेरिकेच्या बाजूची विमानं पोचत ना ब्रिटनच्या बाजूची. तो ओलांडायला लागणारे सुमारे दोन दिवस म्हणजे हा सिनेमा. संरक्षणाला चारच जहाजं: अमेरिकी विनाशिका 'कीलिंग' (रेडिओवरचं तिचं नाव ग्रेहाउंड), एक पोलिश विनाशिका, एक ब्रिटिश विनाशिका आणि एक कॅनेडियन कॉर्व्हेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका). रेडिओवर त्यांची नावं ईगल, हॅरी आणि डिकी. ही नावं सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, नंतर कोणी समजावून सांगत नाही. चौघांचा प्रमुख कमांडर क्राउस. हुद्द्याने तो वरिष्ठ, पण युद्धातली ही त्याची पहिलीच फेरी. बाकीचे कप्तान दोन वर्षांहून जास्त काळ लढून तावून सुलाखून निघालेत. आपल्या प्रत्येक हुकमाचं माप ते घेत असणार, हे त्याला ठाऊक आहे. हँक्सनी ही अस्वस्थता एकही वाक्य न बोलता, नुसत्या डोळ्यांतून दाखवलीय.

आता तो हिशोब.

ताफा म्हणजे एकामागे एक जहाजांची रांग नसते. समजा नऊ स्तंभ, प्रत्येकात चार-चार जहाजं. दोन स्तंभांमध्ये साधारण १,००० यार्ड अंतर. म्हणजे पुढची बाजूच झाली ८,००० यार्ड, साडेचार मैलांच्या आसपास. या सगळ्या परिघाला चार जहाजं राखण करणार. एकाने पाणबुडीचा माग काढायला जागा सोडली की तिथे मोठं भगदाड पडतं आणि दुसरी पाणबुडी तिथूनच आत शिरते. सिनेमातला प्रत्येक निर्णय या एका पेचातून येतो. पाठलाग करायचा की जागेवर परतायचं? पाण्यात पडलेली माणसं उचलायची की पुढच्या जहाजाला वाचवायचं? क्राउस घड्याळाकडे आणि नकाशाकडे सारखा बघतो, त्याचं कारण हेच.

त्यातून जर्मन पाणबुडीचा वेग ध्यानात घ्या. त्या काळातली सातव्या प्रकारची पाणबुडी पृष्ठभागावर साडेसतरा नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास पळायची. ताफा नऊ-दहा नॉटने चालायचा आणि कॉर्व्हेटचा कमाल वेग १६ नॉट. म्हणजे रात्री पाण्यावर आलेल्या पाणबुडीला डिकी गाठूच शकत नाही, ते काम विनाशिकेनेच करायचं. पाण्याखाली मात्र पाणबुडीचा वेग साडेसात नॉटवर येतो आणि तोही थोडा वेळच टिकतो, कारण बॅटरी संपते. म्हणून तिला खाली दाबून ठेवणं हीसुद्धा अर्धी जीतच असते. ती बुडाली नाही तरी ताफा पुढे निघून जातो.

हल्ल्याची पद्धत सिनेमात तीन-चार वेळा दिसते आणि जवळजवळ दरवेळी नेम चुकतो. का चुकतो हे पाहू. सोनार पाण्यात एक टणत्कार सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे १,५०० यार्डांवरच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी यायला पावणेदोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तोपर्यंत कान टवकारून थांबायचं. जहाजाने वेग वाढवला की स्वतःच्याच पंख्यांच्या आणि पाण्याच्या आवाजात प्रतिध्वनी बुडतो. लवकर पोचायचं तर बहिरं व्हायचं, ऐकायचं तर हळू जायचं.

खरी अडचण शेवटच्या दोनशे यार्डांत येते. सोनारचा झोत पुढे जातो, खाली वळत नाही. जहाज जवळ आलं की पाणबुडी झोताखालून निसटते आणि संपर्क तुटतो. पाणबुडी जितकी खोल, तितका तो आधी तुटतो. १५ नॉटने तेवढं अंतर काटायला २४ सेकंद. डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकायचे असतात जहाजाच्या मागच्या टोकावरून, म्हणजे आणखी दहा-अकरा सेकंद. आणि त्या काळचा पिंपासारखा डेप्थ चार्ज पाण्यात बुडायचा सेकंदाला आठ फूट, अडीच मीटरहूनही कमी. शंभर मीटर खोल जायला चाळीस सेकंद. सगळं मिळून सव्वा मिनिट. तेवढ्यात सहा नॉटने सरकणारी पाणबुडी सव्वादोनशे मीटर पुढे जाते, स्वतःच्या लांबीच्या तिपटीहून जास्त. आणि ३०० पौंड स्फोटकांच्या चार्जने तिचं कवच फोडायचं तर तो सात-आठ मीटरच्या आत फुटायला हवा. पाणबुडीच्या कप्तानालाही हे सगळं माहीत असतं. वरच्या पंख्यांचा आवाज डोक्यावर आला की तो सुकाणू फिरवतो.

म्हणजे जिथे ती होती तिथे चार्ज टाकून काहीच साधत नाही. ती कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर सगळं लावायचं. क्राउस ऐनवेळी उलट दिशेला सुकाणू द्यायला सांगतो तेव्हा तो नेमकं हेच करत असतो: खाली बसलेला माणूस कुठे वळेल हे ताडून त्याच्या वळणाच्या आत घुसायचा प्रयत्न. त्यात पुन्हा सिनेमातल्या 'कीलिंग'सारख्या फ्लेचर वर्गाच्या विनाशिकेला एकच सुकाणू होतं आणि वळायला तिला ऐसपैस जागा लागायची. पाणबुडी तिच्यापेक्षा कितीतरी कमी जागेत वळते. सिनेमातली ती लांबलचक, जीव खाणारी वळणं उगाच ताणलेली नाहीत, जहाजच तसं होतं.

फसवाफसवीचा प्रसंगही खरा आहे. जर्मन पाणबुड्या रसायनाने भरलेला एक डबा सोडायच्या. पाण्यात त्याचे बुडबुडे उठायचे आणि सोनारवर हुबेहूब पाणबुडीसारखा प्रतिध्वनी यायचा. ओळखायची खूण अशी की बुडबुडे हलत नाहीत, त्यामुळे प्रतिध्वनीचा सूर बदलत नाही. पाणबुडी जवळ येत असेल तर सूर किंचित चढतो, लांब जात असेल तर उतरतो. संवादांत डॉप्लर हा शब्द येतो तो यासाठी. क्राउस तिथे फसतो आणि मोजके उरलेले चार्ज वाया जातात. नवख्या कप्तानाच्या हातून हीच चूक होणार, लेखनात हे अचूक पकडलंय.

सिनेमाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे हुकमांची साखळी. कप्तान बोलतो, सुकाणूवरचा खलाशी तेच शब्द परत म्हणतो, सुकाणू फिरवतो, फिरवून झाल्याचं कळवतो, कप्तान पोच देतो. दुसरीकडे कानाला फोन लावलेला पोरसवदा खलाशी खालच्या सोनारवाल्याचं बोलणं ब्रिजवर आणि ब्रिजचं खाली पोचवतो. खाली नकाशाच्या टेबलाशी उपकप्तान चार्ली कोल (स्टीफन ग्रॅहम) सगळे आकडे मांडून गाठायचा मार्ग काढतो. सोनारवाला कप्तानाला दिसत नाही, कप्तान सोनारवाल्याला दिसत नाही. मधल्या एका पोराचा शब्द अडखळला तरी दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात नेम हुकतो. हे दाखवायला सिनेमा कुठेही थांबून खुलासा करत नाही. पहिल्या वीस मिनिटांत सगळं अंगावर येतं, मग हळूहळू तुमचा कान तयार होतो. टॉर्पेडोचा फेसाळ माग दिसल्यावर क्राउस जहाज त्याला समांतर वळवतो, कारण आडव्या ११५ मीटर लांबीऐवजी फक्त १२ मीटर रुंदी समोर राहते. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण तोवर ते आपल्यालाही उमगायला लागलेलं असतं.

एक टॉर्पेडो जहाजाच्या अंगाला घासून न फुटताच निघून जातो. बऱ्याच जणांना हा फिल्मी योगायोग वाटतो. पण युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत जर्मन टॉर्पेडोंची आघाताने स्फोट घडवणारी कळ टॉर्पेडो तिरक्या कोनात लागल्यावर दगा देई, ही नोंदलेली गोष्ट आहे. तीच गत अगदी जवळून होणाऱ्या गोळीबाराची. पाणबुडी इतकी खेटून येते की मोठ्या तोफांची नळी तेवढी खाली झुकतच नाही. १ नोव्हेंबर १९४३ ला 'बोरी' ही अमेरिकी विनाशिका यू-४०५ या जर्मन पाणबुडीवर चढून अडकली तेव्हा अगदी हेच झालं होतं आणि खलाशी हाताला लागेल त्या बंदुकीने लढले होते.

आता जिथे सिनेमा घसरतो ते.

सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे जर्मन कप्तानाचा रेडिओवरून येणारा धमकीचा आवाज. लांडग्यासारखं ओरडणं, टोमणे, शिकार-शिकार. पाणबुडीचं सगळं बळ लपून राहण्यात असतं. रेडिओवर बोलणं म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला देणं. याच सिनेमाच्या सुरुवातीला एका जर्मन संदेशाची दिशा पकडून धोक्याचा इशारा मिळतो आणि मग त्याच पाणबुड्या खुशाल गप्पा मारतात! या आवाजाची काहीच गरज नव्हती. सोनारचा टणत्कार त्याहून कितीतरी भीतिदायक आहे.

दुसरं म्हणजे दिवसाढवळ्या पृष्ठभागावर येऊन विनाशिकेशी तोफांनी भिडणारी पाणबुडी. 'बोरी'सारखे प्रसंग घडले, पण नाइलाजाने. पाच पाच-इंची तोफांसमोर पाणबुडीची एक ८८ मिलिमीटरची तोफ म्हणजे मरण ओढवून घेणं. कोणताही शहाणा कप्तान अर्ध्या मिनिटात बुडी मारेल.

तिसरं, तपशील जुळत नाहीत. फ्लेचर वर्गाची पहिली जहाजं नौदलात दाखल झाली जून १९४२ मध्ये, म्हणजे कथेच्या चार महिन्यांनंतर. कादंबरीत जहाज आधीच्या माहान वर्गाचं आहे. हा बदल का केला हे मात्र समजण्यासारखं आहे: चित्रीकरण लुइझियानातल्या बॅटन रूज इथे जतन केलेल्या 'किड' या खऱ्या फ्लेचर वर्गाच्या विनाशिकेवर झालं. माहान वर्गाचं एकही जहाज आज शिल्लक नाही. खऱ्या लोखंडातल्या अरुंद वाटा, शिड्या, दारं पडद्यावर जाणवतात, त्यामुळे ही सवलत देऊन टाकावी. ताफ्याचा एचएक्स-२५ हा क्रमांकही इतिहासाशी जुळत नाही. त्या मालिकेतला २५ वा ताफा १९४० च्या सुरुवातीलाच गेला होता, फेब्रुवारी १९४२ पर्यंत मालिका दीडशेच्या पुढे पोचली होती. शिवाय त्या महिन्यांत जर्मन पाणबुड्यांचा मोठा जोर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होता. मध्य अटलांटिकमधल्या ताफ्यांवर सर्वांत भयंकर वेळ आली मार्च १९४३ मध्ये, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, मे १९४३ मध्ये, जर्मनांनी ४१ पाणबुड्या गमावल्या. कथा एक वर्ष पुढे नेली असती तर जहाज, पाणबुड्यांची संख्या, सगळंच जागच्या जागी बसलं असतं.

सुरुवातीचा क्राउसची प्रेयसी एव्हलिन (एलिझाबेथ शू) हिच्याबरोबरचा प्रसंग बेताचाच. कादंबरीतला क्राउस मोडलेल्या लग्नाचं आणि हुकलेल्या बढतीचं ओझं घेऊन ब्रिजवर उभा असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक हुकमामागे एक जखम असते. सिनेमाने ते काढून टाकलं आणि जागी एक गोड निरोप ठेवला. हँक्सचा अभिनय ती पोकळी बरीच भरून काढतो, पूर्ण नाही.

जहाजावरची माणसं ओळखीची होत नाहीत, ही तक्रार मात्र निम्मीच खरी. ब्रिजवरून कप्तानाला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. पण क्लीव्हलंड बघा (रॉब मॉर्गन). हा कृष्णवर्णीय खानसामा दर काही तासांनी ट्रे घेऊन वर येतो. क्राउस घास तोंडाशी नेणार तेवढ्यात सोनारची हाक येते, ट्रे तसाच परत जातो. कॉफी निवते, पुन्हा नवी येते. त्या वेळी अमेरिकी नौदलात कृष्णवर्णीयांना जेवणखाण बघण्यापलीकडचं काम नव्हतं, इतर शाखांमध्ये त्यांची भरती जून १९४२ पासून सुरू झाली. सिनेमा यावर भाष्य करत नाही, नुसतं दाखवतो. लढाईत त्याच माणसाला तोफेच्या कामाला जुंपलं जातं, हेही दाखवतो. त्याच्या बाबतीत पुढे जे घडतं ते चटका लावतं, कारण त्या उष्ट्या न झालेल्या ट्रेमधून त्याची ओळख झालेली असते. तसेच क्राउसचे पाय: बूट काढल्यावर मोजे रक्ताने भिजलेले असतात आणि तो एव्हलिनने दिलेल्या सपाता घालून पुन्हा उभा राहतो. दोन दिवस उभं राहण्याचा अर्थ सांगायला तेवढंच पुरतं.

मोठी उणीव वेगळी आहे: ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते व्यापारी जहाजांवरचे खलाशी. ते लांबून दिसतात, जळताना दिसतात, शेवटी हात हलवताना दिसतात, पण त्यांना चेहरा नाही. मराठी प्रेक्षकाला हे जास्त खटकावं. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनघरात, डेकवर आणि भटारखान्यात कोकणातले, गोव्यातले, गुजरातचे, सिल्हेटचे हजारो खलाशी होते. सारंग, तांडेल, भंडारी या हुद्द्यांवर ती जहाजं चालत. १७ सप्टेंबर १९४० ला अटलांटिकमध्ये 'सिटी ऑफ बनारस' बुडालं तेव्हा त्यावरच्या इंग्लंडहून कॅनडाला निघालेल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. ही गोष्ट जगाला माहीत आहे. त्याच जहाजावरचे शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, त्यांचा उल्लेख क्वचित होतो. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांवर हिंदी नाविकांची नावं मुंबईत इंडियन सीमेन्स होममध्ये नोंदलेली आहेत. ३७ जहाजांपैकी एखाद्याच्या इंजिनघरात दोन मिनिटं कॅमेरा उतरला असता, तरी वर चाललेल्या लढाईला दुसरी बाजू मिळाली असती. स्फोट झाला की इंजिनघरातल्या माणसाला वर यायला शिड्याच शिड्या असतात आणि पाणी आधी तिथेच भरतं.

बघायचा कसा? फोनवर बघू नका. तिथे सोनारचा आवाज शिट्टीसारखा येतो आणि डेप्थ चार्जचा धक्का मुळीच लागत नाही. साउंडबार किंवा चांगला हेडफोन हवा. हाका कोणत्या बाजूने येतात, ब्रिजचं दार उघडल्यावर वाऱ्याचा आवाज कसा आत घुसतो आणि बंद केल्यावर कसा तुटतो, हे ऐकण्यासारखं आहे. इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा. हुकूम तुटक आणि भरभर येतात, नुसत्या कानाने आकडे निसटतात. सगळं चित्र राखाडी-निळं आहे, म्हणून खोलीत अंधार करा आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा. ती सुरू असली की संगणकावर तयार केलेल्या लाटा आणखी खोट्या वाटतात. तशाही लांबच्या दृश्यांत त्या अधूनमधून उघड्या पडतातच.

पडद्यावर मधूनमधून पहाऱ्याचं नाव येतं. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे असतात, संध्याकाळचा चार तासांचा मात्र दोन-दोन तासांच्या दोन भागांत मोडतात, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला तीच वेळ येत नाही. ही नावं वाचत गेलात तर किती वेळ उलटला याचा अंदाज राहतो. प्रत्येक पहाऱ्याला ब्रिजवरचे चेहरे बदलतात आणि क्राउस तोच राहतो.

बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर बघायला हरकत नाही. रक्त थोडं आहे, पण जळत्या तेलातली माणसं आणि समुद्रातला दफनविधी आहे, तेव्हा लहानांना सोडून बघा. आवडला तर दुसऱ्यांदा बघताना क्राउसकडे लक्ष देऊ नका, फोनवाल्या पोरांकडे आणि खालच्या टेबलावरच्या कोलकडे द्या. पहिल्या खेपेला गोंगाट वाटलेले आकडे तेव्हा एकेक करून जुळत जातात. हल्ला फसणार हे क्राउसच्या आधी कोलला कळलेलं असतं, तेही दिसतं.

पाचपैकी चार. कापलेला एक गुण त्या रेडिओवरच्या लांडग्याचा आणि न दाखवलेल्या इंजिनघराचा.